आम्हीमधला ह

आमच्या मधल्या खोलीत कॉम्प्युटर आहे. सुनेच्या शिकवण्यांसाठी जुनाच घेतलेला. त्याच्यावर मी माझ्या एका विटलेल्या लुगड्याचा तुकडा शिवून झाकण घातलंय, कारण आमचं घर डिंभ्याच्या रस्त्याला लागून, आणि त्या रस्त्याची धूळ लई. दसऱ्याला मी विळ्याला, खुरप्याला झेंडू वाहते तसा त्यालाही वाहते. सून हसते. मी म्हणते, हसू नको बाई, त्याच्यावर तुझं काम आणि माझी करमणूक.

करमणूक म्हणजे मी त्याच्यावर लिहिते. शाळेत मी थोडके दिवस गेले, पुढं भावंडं सांभाळायला घरी राहिले. वाचायला शिकले ती एसटीच्या पाट्यांवर आणि वाण्याच्या पुडीच्या कागदांवर. पुडी सोडली की आधी कागद वाचायचा, मग साखर डब्यात. इंग्रजी अक्षरं शिकले बियाण्यांच्या पिशव्यांवरून. पुढं सून आली, तिच्यामागं कॉम्प्युटर आला, आणि तिनं एक दिवस दाखवलं की इंग्रजी अक्षरं दाबली तरी पडद्यावर मराठी उमटतं. के दाबून दोनदा ए दाबला की का. मला तर वेडच लागलं. चूल, गोठा आवरला की मी तिथं बसायची आणि मनात येईल ते लिहायची. सकाळी सूनच तो उघडून ठेवायची, त्यामुळं उघडायला काय टाकावं लागतं, पासवर्ड की काय तो, त्याच्याशी माझा संबंध कधी आला नाही.

सून पुण्यात वाढलेली. लग्नानंतर पहिल्यांदा एकटी एसटीनं आली तेव्हा घोडेगावला तिनं कंडक्टरला विचारलं, "डिंभ्याला जाते का ही?" तो म्हणाला, "डिंब्याला व्हय? बसा की." तिला वाटलं हे दुसरंच गाव. उतरून गेली आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत बसली. आता दुसरी गाडी आमच्याकडं कधी येते ते आमच्याकडच्यांनाच माहीत नसतं. दिवेलागणीला पोचली बिचारी. मी ही गोष्ट आल्यागेल्याला सांगून हसले. धाकटी जाऊ, जी भिंतीपलीकडं राहते, ती तर अजून तिला चेष्टेनं म्हणते, "काय गं, डिंबं सापडलं का?"

तर आमच्या बोलण्यात हा ह असा गळतो. आम्ही म्हणायचं तिथं आमी, तुम्ही म्हणायचं तिथं तुमी. मला तो गळतो हे ठाऊकच नव्हतं. पाण्यातल्या माशाला काय माहीत पाणी ओलं असतं ते.

गेल्या संक्रांतीला बायका तिळगूळ वळायला आमच्याकडं जमल्या होत्या. मी त्यांच्यात मिरवायचं म्हणून कॉम्प्युटरवर बसून हळदीकुंकवाचं बोलावणं लिहीत होते, सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवायला. "तुमी सगळ्या जणींनी यावं" असं लिहिलं. सून ताट घेऊन मागून जात होती. वाकून हळूच म्हणाली, "आई, तुम्हीमध्ये एच राहिला."

हळूच म्हणाली, पण जावेचे कान तिखट. ती म्हणाली, "बघा, आक्काची परीक्षा घेती सून." बायका हसल्या. उगी हसल्या, त्यात काही नव्हतं. पण मला ते लागलं. मी मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "मला एकेक अक्षर शिकवू नगंस. तुज्या जन्माच्या आधीपासनं बोलतीया मी. आमची भाशा आमाला म्हाईत."

सून "बरं आई" म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. तिळाचा पाक तेवढ्यात कडक झाला, त्यावर बायकांचं बोलणं गेलं आणि विषय मिटला.

मिटला असं मला वाटलं. त्यानंतर सुनेनं मला एक अक्षर कधी सांगितलं नाही. मी विचारलं, अगं ज्ञ कसा काढायचा, तर ती म्हणायची, "तुम्हाला येतंच, आई." आणि खरं सांगते, मला ते बरं वाटायचं. म्हटलं, आली पोरीला समज.

आता त्या दिवसाचं सांगते.

मे सरत आला होता. घोडेगावच्या एका शाळेत शिक्षिका हवी होती. सुनेचं शिक्षण त्यातलंच, पण लग्नानंतर आमच्याकडं येऊन ती घरच्या घरी शिकवण्या घेत राहिली होती. तिला बोलावणं आलं, की या आणि सुट्टीतल्या जादा वर्गाला येणाऱ्या मुलांपुढं एक पाठ घेऊन दाखवा. ती लई दिवस त्या पाठाच्या मागं होती. पाठ काय, तर भात ताटात येतो कसा. आमच्याच खाचरांचे फोटो काढले. लावणीच्या वेळचे माझ्या हातांचे फोटो तिच्याकडं होते, चिखलाचे, ते घातले. आणि एका दुपारी मला ओट्यावर बसवून म्हणाली, "आई, राब कसा भाजतात ते सांगा. मला सांगता तसं."

"तुला काय करायचंय?"

"मुलांना ऐकवायचंय. घोडेगावच्या पोरांना कुठं माहीत असतं."

मी सांगितलं. भाताचं रोप टाकायचं त्या जागेवर आधी शेण, मग तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, मग पालापाचोळा, गवत, वरून माती, आणि पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे भडका न होता निवांत जळतं आणि जमीन खालपर्यंत भाजते. तिनं ते मोबाइलमध्ये धरून घेतलं. मी विसरूनही गेले.

त्या दिवशी सकाळी ती ठेवणीतली निळी साडी नेसून निघाली. पेनड्राइव्ह पर्समध्ये आहे ना, हे निघताना दोनदा बघितलं. मुलगा पिकअप चालवतो. तो टोमॅटो भरून पहाटेच नारायणगावच्या बाजाराला गेला होता. मी तिला दही-साखर दिली. पाया पडली तेव्हा तिचे हात गार होते. एवढं त्या नोकरीत तिचं मन होतं. मला म्हणाली नव्हती कधी, पण त्या हातांवरून मला कळलं.

ऊन चांगलं चढल्यावर तिचा फोन आला. मी अंगणात होते. जाऊ माझ्या अंगणात हिरडा वाळत घालत होती, तिच्या अंगणात सावली पडते म्हणून.

"आई, ऐका," सून म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "पेनड्राइव्हवर पाठ आलाच नाहीये. नुसता त्याचा शॉर्टकट, तो बाण आलाय, फाईल घरीच राहिली. माझ्या आधी अजून दोघीजणी आहेत. तुम्ही कॉम्प्युटर लावून ती फाईल माझ्या मोबाइलवर पाठवाल? फोटो पाठवता ना मावशींना, अगदी तसंच."

"पाठवते की. त्यात काय." मी जावेला ऐकू जाईल असं बोलले. "तू घाबरू नगं. मी हाय."

"पासवर्ड लागेल. पासवर्ड आहे आम्ही सगळे. इंग्रजी अक्षरात, सगळी छोटी, सलग, मध्ये जागा नाही."

"आमी सगळे."

"हो. म्हणजे आई, आम्ही, त्यात..." आणि ती थांबली.

"कळलं गं. आमी सगळे. माजं काय कान गेल्यात?"

ती म्हणाली, "नाही, तुम्हाला येतंच." आणि फाईल कुठं आहे, तिचं नाव काय, ते सगळं नीट सांगितलं.

मी झाकण काढलं, बटण दाबलं. चौकोन आला. मी टाकलं. ए, एम, आय, पुढं सगळे. आपण काय टाकलं ते तिथं दिसत नाही, नुसते काळे ठिपके पडतात रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. ठिपके पडले, मी मोठं बटण दाबलं, आणि ते म्हणालं चूक.

म्हटलं बोट घसरलं असेल. परत टाकलं. परत चूक.

मग मी डोकं चालवलं. मराठी लिहिताना आ काढायला ए दोनदा दाबावा लागतो. तसा दोनदा दाबला. चूक. ळ काढायला मोठा एल लागतो. ती छोटी म्हणाली होती, पण म्हटलं ळ म्हणजे ळ, मोठा घालून बघू. चूक. मग सगळेच्या मध्ये एक ए जास्तीचा घातला. काढला. शेवटी ई ऐवजी वाय लावून पाहिला. सगळेला मी इतकं उलटंपालटं केलं की शेवटी सगळे हा शब्दच मला ओळखीचा वाटेना. आमीला मात्र, त्या एका जादा ए शिवाय, मी हात लावला नाही. त्यात काय बघायचं? आमी म्हणजे आमी.

आणि मग चौकोन गेला. तिथं इंग्रजीत ओळी आल्या. त्यातला लॉक हा शब्द मला कळला, बाकी काही नाही.

जाऊ हात पुसत आत आली. "काय झालं गं आक्का?"

"कुलूप पडलं."

"म्हंजे ट्रिप झालं. मोटार ट्रिप झाल्यावर काय करतो आपण? थंड हू द्यायची."

"ही काय मोटार हाय व्हय?"

"मग वायर काढून घाल की. आमच्या ह्यांचा टीव्ही तसाच चालतो."

मी वायर काढली. घातली. परत तेच कुलूप. फोन वाजला. सून होती.

"आई, झालं का?"

"ते कुलूप म्हनतंय."

"स्क्रीनचा फोटो काढून पाठवा बरं." पाठवला. ती म्हणाली, "हां. चुकीचा पासवर्ड खूपदा पडला की थोडा वेळ बंद होतं. आपोआप उघडेल. तोवर हात नका लावू, आणि उघडलं की अगदी सावकाश टाका."

"मी तू सांगितलं तेच टाकलंय."

"हो आई, तुम्ही तेच टाकलं असेल," ती म्हणाली. "मोठी अक्षरं नाही ना होत आहेत?"

"न्हाई."

"आणि..." परत ती थांबली. मागं कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. "बरं. थोड्या वेळानं बघा."

आम्ही दोघी जावा त्या पडद्यापुढं बसून राहिलो. असं बसणं मला सवयीचं नाही. दूध उतू जातंय का बघत बसतो तसं बसलो, फक्त इथं काही वर येत नव्हतं. जाऊ म्हणाली, "तिनं नीट सांगितला न्हवं पासवर्ड?"

आणि मी म्हणाले, हे मी म्हणाले ते लिहायला आता हात जड होतोय, पण म्हणाले, "तिनंच चुकीचा सांगितला असंल. येंधळी हाय. त्या पेनमधी बी नुसता बान घिऊन गेली."

"शिकल्याली मान्सं," जाऊ म्हणाली, "लई घाईची."

"व्हय तर."

तेवढ्यात मुलाचा फोन आला, बाजार कसा झाला ते सांगायला. त्यालाही मी तेच सांगितलं. म्हटलं, तुझ्या बायकोला स्वतःचा पासवर्ड धड सांगता येईना, ती तिकडं अडकली आणि मी हिकडं. तो हसला. म्हणाला, "तिला ना, शाळेची धांदल झालीय आई."

कुलूप गेलं. चौकोन परत आला. मी पदराला बोटं पुसली आणि ती म्हणाली तसं सावकाश, एकेक अक्षर तोंडानं म्हणत टाकलं. ए. एम. आय. जाऊ माझ्यासोबत म्हणत होती, शाळेत बसल्यासारखी. "आ... मी..." ती पण आमीच म्हणत होती. चूक. परत टाकलं. चूक. मग काय, माझी बोटं पुन्हा सुटली. एक ए घाल, एल मोठा कर, छोटा कर. जाऊ म्हणे, "थांब की आता." पण मला थांबता येईना. ज्याला खात्री असते त्याला थांबता येत नाही. कुलूप पुन्हा पडलं.

फोन वाजला तो मी जरा उशिरानेच उचलला.

"राहू द्या आई," सून म्हणाली. "मला बोलावलंय आत."

"अगं पन..."

"मी फळ्यावर घेते. राहू द्या. तुम्ही जेवून घ्या."

जेवून घ्या म्हणाली. जावेनं हिरडा भरला आणि ती गेली. मी काही जेवले नाही. कॉम्प्युटरवर झाकण घालून ओट्यावर बसले, आणि मनातल्या मनात तिलाच बोल लावत राहिले, कारण तेवढं एकच सोपं होतं.

ती आली तेव्हा मुलगाही आलेला होता, चहा पीत होता. तिच्या निळ्या साडीला खडूची पांढरी बोटं लागली होती. मी विचारलं, "कसं झालं?"

"झालं. फळ्यावर चित्रं काढली. भाताचं रोप काढलं तर एक मुलगी म्हणाली कांद्याची पात आहे." ती हसली जराशी. "कळवतो म्हणालेत."

मुलगा म्हणाला, "काय मॅडम, स्वतःचा पासवर्ड विसरता? आईचा दिवस गेला त्यात."

मी तिथंच उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "हो, गडबड झाली माझी," म्हणाली, आणि पर्स खुंटीला लावून सरळ कॉम्प्युटरपाशी गेली. झाकण काढलं. तोवर ते कुलूप केव्हाच उघडलं होतं. तिनं उभ्या उभ्याच पासवर्ड टाकला आणि मी तिच्या खांद्यामागून बोटं बघत होते. ए. एम. आणि मग तिचं बोट मधल्या ओळीत गेलं, एका अक्षरावर पडलं, आणि मग आय.

एच.

पडदा उघडला. मला संक्रांत आठवली. तिळाचा वास आठवला. "आई, तुम्हीमध्ये एच राहिला." आणि सकाळचं तिचं थांबणं आठवलं. "म्हणजे आई, आम्ही, त्यात..." ती सांगणारच होती. जिभेवर आलेलं अक्षर तिनं गिळलं होतं. मला सांगायची तिला भीती वाटली. ठेवणीतली साडी नेसून, दारात आपला नंबर यायची वाट बघत, सगळं बुडायला आलेलं असताना, तिला त्या नोकरीपेक्षा माझ्या रागाची भीती जास्त वाटली.

मुलाला तो पाठ बघायचा होता. "लाव की, काय एवढं केलंयस ते बघू तरी." तिनं लावला. आमची खाचरं आली, बांधावरचं आंब्याचं झाड आलं, मग माझे हात आले. आणि माझा आवाज आला. "आमी बगा आधी शेन टाकतो..." आणि खाली तिनं मुलांना वाचायला सुबक अक्षरात लिहिलं होतं: आम्ही आधी शेण टाकतो.

माझ्या बोलण्याला तिनं धक्का लावला नव्हता. जसं होतं तसं ऐकवणार होती ती शाळेला. खाली फक्त लिहून ठेवलं होतं, कळावं म्हणून.

मुलगा म्हणाला, "आई, तू तर हिरोईन झालीस." मी म्हणाले, दूध तापवायचंय, आणि आत गेले. तिथंच सांगायला हवं होतं, की अरे, तिची चूक नव्हती, मी टाकत होते चुकीचं. दोन वाक्यं. पण ती दोन वाक्यं मला आली नाहीत. दूध तापवलं, गाळलं, भांडं घासलं, आणि ती दोन वाक्यं तशीच आत राहिली.

शाळेनं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. सून म्हणाली, "आई, त्या बाईंना माझ्यापेक्षा जास्त अनुभव होता, पाठ असता तरी त्यांनाच घेतलं असतं." असेलही. पण ती हे मला कशाला सांगत होती? मी तर काही विचारलंच नव्हतं. म्हणजे तिला कळलं होतं. कधी कळलं, फोनवरच की संध्याकाळी, ते मला माहीत नाही.

मग एका सकाळी ती शिकवणीच्या मुलांची तयारी करता करता म्हणाली, अगदी सहज, माझ्याकडं न बघता, "आई, पासवर्ड बदललाय मी. मी नसताना लागला तर असावा. तेच आहे, आमी सगळे. तुम्ही म्हणता तसंच."

आमी. ह काढून टाकला होता तिनं. त्या पुण्यात वाढलेल्या पोरीच्या तोंडी तो शब्द असा अवघडलेला आला, जशी मी कधी नवी चप्पल घालून चालते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मला दोन शब्द सुनावले असते, मुलाला सांगितलं असतं, तर मी भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं काही न बोलता दार माझ्या मापाचं करून दिलं. त्या दिवसापासून मी कॉम्प्युटरला हातच लावेना. ती उघडून ठेवायची, मी पुसायची, झाकायची. "लिहीत नाही का हल्ली?" ती विचारायची. मी म्हणायची, डोळे चुरचुरतात.

किती दिवस डोळे चुरचुरणार? एका दुपारी जाऊ आणि तिच्यासोबत अजून दोघीतिघी, संक्रांतीला होत्या त्यातल्याच, आमच्या ओट्यावर हिरडा निवडायला बसल्या होत्या. सून आत भाकरी थापत होती. मी मधल्या खोलीत गेले. दार ओट्याकडं उघडं होतं, ते उघडंच ठेवलं. कॉम्प्युटर बंद होता, तो लावला. चौकोन आला.

मी तिथूनच हाक मारली. "अगं ए."

"काय आई?"

"तो पासवर्ड परत पयल्यासारका कर."

भाकरीचा आवाज थांबला. "का? चालत नाही का?"

"चालतोय. पन परत कर. व्हता तसा. आन मला सांग, एमच्या फुडं काय येतंय?"

ती आतूनच म्हणाली, "तुम्हाला येतंच, आई."

"न्हाई येत." मी जरा मोठ्यानं म्हणाले. ओट्यावरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. "न्हाई येत म्हनून तर त्या दिशी कुलूप पडलं. तू बरुबर सांगितला व्हतास. मी चुकीचा टाकला. तुज्या हातची शाळा माज्यापायी गेली."

जाऊ म्हणाली, "थांब थांब. म्हंजे त्या दिशी तू मला सांगितलंस ती येंधळी म्हून..."

"व्हय."

"आन मी गावभर सांगितलं."

"ते बी माजंच."

जाऊ हिरड्याकडं बघत राहिली. तिला गप्प बसता येत नाही, तिचा स्वभाव नाही. म्हणाली, "काय राह्यलं व्हतं तरी?"

"ह," मी म्हणाले. "आमीमधला ह."

"आमीमधी कुटं ह असतोय?"

"असतोय. आपन टाकत न्हाई."

तिनं विचार केला. "आता बघा," ती म्हणाली, "न्हाईमधी आपन घालतो, व्हतंमधी घालतो, व्हयमधी तर घालतोच घालतो. म्हंजे आपल्याकडं ह ची काय कमी न्हाई. ज्याचा त्याच्या जाग्यावर ठिवत न्हाई, यवडंच."

बायका हसल्या. त्याच बायका. ह्या वेळी हसणं माझ्यावर होतं आणि ते मला लागलं, लागायला हवं होतं म्हणून लागू दिलं.

सून दारात आली होती. हाताला कोपरापर्यंत बाजरीचं पीठ. ती हसत नव्हती. डोळे भरले होते की चुलीचा धूर होता, मी काही विचारलं नाही. तिनं पदराला हात पुसले, काय काय बटणं दाबली, पासवर्ड पुन्हा पहिल्यासारखा केला, कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा लावला. चौकोन आला. मग खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि माझ्या मागं उभी राहिली.

मी ए दाबला. एम दाबला. थांबले.

"एच," ती म्हणाली. हळूच म्हणाली, संक्रांतीला म्हणाली होती तशीच.

"कुटला, ह्यो?"

"हो. जीच्या शेजारचा."

मी दाबला. एक काळा ठिपका पडला.

"फुडं?" मी विचारलं. पुढचं मला येत होतं, तरी विचारलं.